मग्दालीया मरीयेवरचा जुना आळ

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत येशूची शिष्या संत मग्दालीया मरीया हिच्यावर आलेला लेख वाचला. ख्रिस्ती संत स्त्रियांविषयी मराठी वर्तमानपत्रांत फारसे छापून येत नाही, त्यामुळे लेख पाहून आनंद झाला. पण 'पूर्वी वेश्या असलेली आणि येशूच्या दर्शनाने पालटलेली' ही तिची ओळख पहिल्याच परिच्छेदात आली आणि पुढचा सारा लेख तिच्यावरच उभा राहिला, याचे वाईट वाटले. लेखकाचा हेतू आदराचा आहे, याबद्दल शंका नाही. तरीही सांगणे भाग आहे की मरीया वेश्या होती असे बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, एकाही ठिकाणी लिहिलेले नाही.

तिची पहिली भेट लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात होते. गालील समुद्राच्या पश्चिम काठावरचे मग्दाला हे मासळीच्या व्यापाराचे गाव. त्या गावावरून ती ओळखली जाते. वडील, नवरा, मुलगा अशा कोणाही पुरुषाच्या नावाने नाही. तिच्यातून सात भुते निघाली होती, एवढेच तिच्या पूर्वायुष्याबद्दल लूक सांगतो आणि तेही दुष्ट आत्मे व आजार यांपासून बऱ्या झालेल्या स्त्रियांची नावे देताना. शुभवर्तमानांत भूत लागलेली कितीतरी माणसे येशूकडे येतात. त्यांना कोणी बदफैली म्हणत नाही. ती पीडित असतात. मरीयेच्या बाबतीतच पीडेचे पाप का व्हावे? त्याच ओळींत गालीलचा शासक हेरोद याचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आणि सूसान्ना यांचीही नावे आहेत, आणि या स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूची व शिष्यांची सेवा करत होत्या असे लूक सांगतो. म्हणजे प्रभूच्या कार्याचा खर्च उचलणाऱ्यांत ती होती.

मग हा आळ आला कुठून? लूकच्याच सातव्या अध्यायात शिमोन या परुश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी एक पापी स्त्री येते, अश्रूंनी येशूचे पाय भिजवते, केसांनी पुसते आणि सुगंधी तेल लावते. तिचे नाव दिलेले नाही. दुसरीकडे बेथानी गावात मार्था आणि लाजरसची बहीण मरीया हीसुद्धा येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. एकीचे नाव नाही, दुसरीचे नाव मरीया, आणि मग्दालीया मरीयेचा उल्लेख पुढच्याच अध्यायात. इ. स. 591 च्या सुमारास रोममध्ये पोप ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात या तिघींची एकच स्त्री केली. सात भुते म्हणजे सारे दुर्गुण, आणि ते सुगंधी तेल ती पूर्वी निषिद्ध कर्मांसाठी अंगाला लावत असे, असा अर्थ त्यांनी लावला. प्लेगने आणि लोंबार्ड टोळ्यांच्या स्वाऱ्यांनी खचलेल्या शहराला पश्चात्तापाची आशा देणे हा त्यांचा हेतू असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण त्या दिवसापासून पश्चिमेकडच्या चर्चमध्ये मरीयेचे चारित्र्य ठरून गेले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही गल्लत कधीच स्वीकारली नाही. तिथे ती सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे गेलेल्या स्त्रियांपैकी एक आहे आणि 'प्रेषितांसमान', म्हणजे येशूने पाठवलेल्या प्रमुख शिष्यांच्या तोडीची, म्हणून तिचा मान आहे. पश्चिमेतही याविरुद्ध आवाज उठला होता. 1517 साली फ्रान्समध्ये झाक लफेव्र या विद्वानाने या तीन वेगळ्या स्त्रिया आहेत असे मांडले, तेव्हा पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याच्या मताचा निषेध केला.

त्यानंतरचे काम चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी केले. इजिप्तच्या मरीया नावाच्या आणखी एका तपस्विनीची कथाही तिला चिकटली. वाळवंटात केसांनी अंग झाकून राहणारी पश्चात्तापी वेश्या ती होती. फ्लॉरेन्समध्ये दोनातेल्लोने लाकडात कोरलेली हाडकुळी, जटा वाढलेली मग्दालीया पाहिली की मन हलते, पण त्या मूर्तीतली कथा शुभवर्तमानातली नाही.

याचे परिणाम केवळ चित्रांपुरते राहिले नाहीत. आयर्लंडमध्ये तिच्या नावाने धोबीखाने चालत. 'बिघडलेल्या' मुलींना सुधारण्याच्या नावाखाली तिथे डांबून बिनपगारी कपडे धुवायला लावत. कित्येक जणी अविवाहित माता होत्या, कित्येक केवळ गरीब किंवा अनाथ. 1922 पासून सुमारे 10,000 मुली व स्त्रिया तिथे गेल्याचे सरकारी चौकशीत नोंदले गेले. शेवटचा धोबीखाना 1996 मध्ये बंद झाला आणि 2013 च्या फेब्रुवारीत पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली. जन्मभर पश्चात्ताप करणारी बाई हा जो नमुना त्या मुलींपुढे ठेवला गेला, त्याला मरीयेचे नाव दिलेले होते. माझ्या चर्चच्या इतिहासातले हे प्रकरण वाचताना मला लाज वाटते.

आपल्या लेखकाने तिची तुलना संत कान्होपात्रेशी केली आहे. कान्होपात्रेविषयी मला मनापासून आदर आहे. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची ही मुलगी तो धंदा नाकारून विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने तिथेच देह ठेवला, ही कथा वारकरी संप्रदायाने स्वतः जपलेली आहे. तिचा जन्म कुठे झाला हे लपवायचे कारण कोणाला वाटले नाही. मरीया वेश्या असती आणि तिची कथा अशीच जपली गेली असती, तर मलाही ती सांगताना संकोच वाटला नसता. वेश्या असणे हा काही संत होण्यातला अडथळा नाही. माझी हरकत एवढीच आहे की तिच्या बाबतीत ते खरे नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितले की एक प्रश्न हमखास येतो. मरीयेचा पश्चात्ताप काढून घेतला तर पापी माणसाने आधार कोणाचा घ्यायचा? शिमोनाच्या घरी आलेली ती अनामिका आहेच ना. पाच नवरे होऊन गेलेली, येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री आहे. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅममध्ये 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालणारे काम पाहायला गेल्या. या बायकांना इतक्या मायेने का वागवता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या ख्रिस्ती भगिनीने या शोमरोनी स्त्रीचीच कथा वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे केडगावला अशा स्त्रियांसाठी कृपासदन काढले. करुणा शिकवायला मरीयेवर खोटा आळ घ्यावा लागत नाही.

अलीकडे उलट टोकही दिसते: मरीया येशूची पत्नी होती, त्यांना संतती होती वगैरे. शुभवर्तमानांत त्यालाही काडीचा आधार नाही. एकदा वेश्या आणि एकदा बायको, या दोन्ही कथांमध्ये बाईची ओळख तिच्या देहापाशीच थांबते.

तिने प्रत्यक्षात काय केले ते वाचा. येशूला पकडले तेव्हा शिष्य पळून गेले, पेत्र या शिष्याने तर येशूला ओळखत नाही असे तीनदा सांगितले. मरीया क्रुसाजवळ उभी होती. दफन झाले तेव्हा कबरीसमोर बसून होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे अंधारातच ती कबरीकडे गेली. बाकीचे परतले तरी ती रडत तिथेच थांबली, समोर उभ्या असलेल्या प्रभूला माळी समजली आणि त्याने 'मरीये' अशी हाक मारताच तिने त्याला ओळखले. 'माझ्या भावांकडे जाऊन सांग' हा निरोप त्याने तिच्यावर सोपवला. ज्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, तिथे येशूच्या पुनरुत्थानाची, मेलेल्यांतून उठण्याची, पहिली बातमी एका बाईच्या तोंडून गेली. प्रेषितांना स्त्रियांचे बोलणे वायफळ वाटले, हे लूकने दडवलेले नाही. म्हणूनच मला ही साक्ष अस्सल वाटते. बनवलेली कथा असती तर पहिला साक्षीदार कोणीतरी वजनदार पुरुष निवडला असता.

कॅथलिक चर्चने हे सावकाश का होईना दुरुस्त केले आहे. 1969 च्या नव्या दिनदर्शिकेनंतर तिच्या स्मृतिदिनाच्या, 22 जुलैच्या, मिस्सेत (उपासनेत) पापी स्त्रीचा उतारा जाऊन योहानच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय आला. 3 जून 2016 च्या आदेशाने पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला आणि मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तिच्यासाठी वापरलेला 'प्रेषितांची प्रेषित' हा किताब मिस्सेच्या प्रार्थनेत घातला. दुःख असे की ही दुरुस्ती आमच्या गावोगावी पोहोचलेली नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या येशूच्या दुःखसहनाच्या नाटकांत मग्दालीया अजूनही भडक कपड्यांत, मोकळ्या केसांनी रंगमंचावर येते, आणि प्रवचनांतही जुनीच ओळख ऐकू येते.

आपल्या लेखकाने या विषयावर पुन्हा लिहावे आणि त्या वेळी लूकचा आठवा आणि योहानचा विसावा अध्याय समोर ठेवावा, अशी नम्र विनंती. आमच्या धर्मगुरूंनी आणि नाटके बसवणाऱ्या मंडळांनीही येत्या उपवासकाळाआधी तेवढेच करावे. पुरवणीतल्या मूळ लेखाखाली दुरुस्तीची एक ओळ छापता आली तर आभारी राहीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, वसई