सूचना : रविवारी मांडवीला बैठक, विषय धावपटूंचा मोबदला

सर्व सभासदांनो,

येत्या रविवारी सराव आटोपला की सकाळी ८ वाजता मांडवी जेटीजवळ सगळ्यांनी थांबायचं आहे. 'वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स' या मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेला पाठवायच्या पत्रावर सह्या घ्यायच्या आहेत.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या संघटनेने ४८ प्रकारांतल्या सुवर्णविजेत्यांना ५० हजार डॉलर जाहीर केले. रिलेत ते संघाने वाटून घ्यायचे. रौप्य आणि कांस्यपदकवाल्यांना मात्र २०२८ पासून. सुरुवात चांगली आहे, पण चौथ्या-पाचव्याने वर्षभराचा खुराक, बूट, फिजिओ कशातून भागवायचं? जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्या आठांना बक्षीस मिळतं. ऑलिंपिकलाही तेच हवं, एवढीच आपली मागणी.

- मसुदा सचिव वाचून दाखवतील. बदल तिथेच सांगा, नंतर नको.
- १८ वर्षांखालच्यांनी आई किंवा वडिलांना सोबत आणावं. सही त्यांची लागेल.
- स्थानिक स्पर्धेतलं कुणाचं बक्षीस अजून थकलं असेल, तर प्रमाणपत्राची प्रत आणा. संकोच करू नका, ते तुमच्या घामाचे पैसे आहेत.

राजापूर, गुहागरकडच्या सभासदांना येणं जमत नसेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत सचिवांना कळवावं.

– कार्यकारिणी