बस विजेच्या, मेकॅनिक डिझेलचे

महोदय,

विजेवरील बसगाड्यांसाठी कुशल तंत्रज्ञ मिळत नसल्याबद्दलचा आपल्या अंकातील लेख वाचला. टंचाई खरी आहे. पण जुन्या मेकॅनिकांना हे काम जमणार नाही, हा लेखाचा सूर पटला नाही.

डिझेल बसचे वायरिंग 24 व्होल्टचे असते, तर विजेवरील बसचा बॅटरीसंच बहुधा 400 ते 750 व्होल्टच्या घरात. 60 व्होल्टच्या वरचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) विद्युतदाब आंतरराष्ट्रीय नियमांत ‘हाय व्होल्टेज’ धरला जातो, म्हणून त्या केबल नारिंगी असतात. बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचे, मीटर लावून दाब उतरल्याची खात्री करायची, तेही इन्सुलेटेड हातमोजे घालून. मगच पाना हातात घ्यायचा. ही शिस्त आहे आणि ती शिकवता येते. आवाजावरून बेअरिंग गेल्याचे ओळखणारा कान मात्र वर्गात बसून तयार होत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन तर नव्या बसलाही आहेतच, आणि बॅटरीच्या वजनाने टायरची झीज उलट वाढते.

खरेदीच्या करारात चार्जर, सुटे भाग, वॉरंटी यांचा कीस पाडला जातो. प्रशिक्षण बऱ्याचदा ‘ओळख सत्रा’वर भागवले जाते. देखभाल पुरवठादाराच्या माणसांकडे गेली की डेपोतला मेकॅनिक पंक्चर काढण्यापुरता उरतो, आणि मग कुशल माणसे नाहीत म्हणून ओरड! कामाच्या वेळेत, पगारी आणि प्रत्यक्ष गाडीवरचे प्रशिक्षण खरेदीच्या करारातच बंधनकारक करावे.

– एक वाचक