दोन ग्रॅमच्या आतलं सोनं कोण तपासणार?

महोदय,

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मागच्या महिन्यात लेकीच्या फीसाठी मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला नेल्या. वजन दीड ग्रॅम. घेताना पैसे 22 कॅरेटचे मोजलेले. सराफाने मशिनवर पाहून सांगितलं, 18 कॅरेटही पुरतं भरत नाही. वाट्या जिथून घेतल्या, तिथली पावती म्हणजे पाठकोऱ्या कागदावर खरडलेला आकडा. भांडायचं कशाच्या जोरावर?

16 जून 2021 पासून हॉलमार्कची, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या शिक्क्याची, सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. 1 एप्रिल 2023 पासून ती लागू असलेल्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असावाच लागतो. माझ्या बांगड्यांवरचा क्रमांक मी भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पाहिला, शुद्धता लगेच दिसली. खरोखर चांगली सोय आहे. पण 2 ग्रॅमहून हलक्या डागाला ही सक्ती नाही, वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानालाही नाही. आणि गरिबाघरचं सोनं नेमकं तेच असतं: वाट्या, चार मणी, चमकी, बाळाच्या बाळ्या, तेही गावातल्या छोट्या सोनाराकडून घेतलेलं. तोळ्याने लाख ओलांडल्यावर दीड ग्रॅम म्हणजे पंधरा हजारांहून जास्त. मावशींची ती दोन महिन्यांची कमाई आहे.

एवढ्याशा मण्यावर शिक्का उमटवायचा कुठे आणि तपासायला त्यातलं सोनं काढायचं किती, ही अडचण मला समजते. शिक्का नसेल तर नसो, पण पक्कं बिल सक्तीचं करा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर वर्णन, निव्वळ वजन आणि कॅरेट लिहावंच लागतं. तोच नियम हलक्या डागांना आणि छोट्या दुकानांना लावायला काय हरकत आहे? हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च देण्याची तरतूद 2018 च्या बीआयएस नियमांत आहे. हे संरक्षण हलक्या डागांनाही मिळायला हवं.

हॉलमार्क नसलेले चार डागांपर्यंतचे दागिने मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात 200 रुपयांत तपासून मिळतात, हेही फार थोड्यांना माहीत आहे. मावशींना मी सांगितलं, तोवर वाट्या आटवून झाल्या होत्या.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा