फोटो काढा, पण विचारून

मा. संपादक,

रविवारी सकाळी गणपत गल्लीत, खडेबाजारात गळ्यात कॅमेरे अडकवलेली पोरं दिसतात. कृष्णधवल चेहरे टिपतात. चांगलंच आहे. आमच्या वेळी एका रोलात ३६ फोटो. म्हणून आधी चार शब्द बोलायचो, मग बटण दाबायचो. हल्ली लांबूनच मोठी लेन्स रोखतात. परवा भाजीवाल्या आजीने पदर तोंडावर ओढला, तरी पठ्ठ्या थांबेना!

वडगाव-शहापूरच्या मागांवर जाऊन बघा. साडीतला लाल आणि हिरवा कृष्णधवलमध्ये जवळपास एकाच करड्या रंगाचे होतात, पण विणकराच्या भुवयांवर बसलेले धाग्याचे बारीक तंतू दारातल्या तिरक्या उजेडात लख्ख दिसतात. (भर दुपारी नका जाऊ, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे उमटतात.) मराठी, कन्नड, येईल त्या भाषेत ‘मामा, एक फोटो काढू काय?’ एवढं विचारलं तरी पुरतं. आणि नंतर एक प्रत नेऊन द्या. आमच्या शेजारच्या काकूंकडे यजमानांचा असा एकच फोटो आहे, रोज पुसतात.

– एक जुना हौशी छायाचित्रकार, शहापूर, बेळगाव