मांडवीच्या बोटीवर जाण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "ॲप पाठव, महिनाभरात ब्लॅकजॅकचे पत्ते मोजायला शिकतो आणि गणपती झाले की पणजीला कसिनोच्या बोटीवर जाऊन गाडीचं कर्ज फेडून टाकतो." ॲपची लिंक पाठवली आहे. कर्जाचं मात्र जरा थांब. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहून काढतोय.

मोजणं म्हणजे पानं लक्षात ठेवणं, हे आधी डोक्यातून काढ. मेंढीकोटात कुठल्या दश्श्या पडल्या ते तू बिनचूक सांगायचास, तेवढीसुद्धा आठवण इथे लागत नाही. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का आला की उणे एक. पंजी, राजा, तिर्री, दुर्री, एक्का, अठ्ठी, छक्की अशी पानं पडली तर मनात एवढंच चालतं: एक, शून्य, एक, दोन, एक, एक, दोन. अख्खा कॅट असा मोजलास की शेवटी शून्य यायलाच हवं, कारण वीस पानं अधिकची आणि वीस उणेची. नाही आलं तर कुठेतरी घसरलास. याला हाय-लो म्हणतात, 1963 पासून चालत आलेली पद्धत आहे. त्याच्या थोडं आधी एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञानं एमआयटीतल्या आयबीएम 704 संगणकावर हिशोब करून दाखवला होता की, पिसण्याआधी उरलेल्या पानांवरून डाव कुणाच्या बाजूनं झुकलाय ते कळतं.

झुकतो का, तर पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की फुटलास; आणि डीलरला, म्हणजे कसिनोच्या पत्ते वाटणाऱ्याला, सोळापर्यंत पान घ्यावंच लागतं. लहान पानं उरली असतील तर तो अलगद तरतो, मोठी उरली असतील तर फुटतो. शिवाय पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहा (किंवा चित्राचं पान) आले, म्हणजे ब्लॅकजॅक झाला, की तुला दीडपट मिळतात, त्याला आले तर तुझी फक्त लावलेली रक्कम जाते.

मी सकाळी मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कची गाडी धरली की ॲप उघडतो. आधी एकेक पान यायचं, मी ओठ हलवत मोजायचो. आता पानं जोडीनं बघतो: राजा-पंजी दिसली की ती मोजायचीच नाही, परस्पर फिटली. दोन राण्या म्हणजे उणे दोन, एका नजरेत. ही सवय लागली आणि वेग आपोआप वाढला. पण त्याआधी ॲपमधला बेसिक स्ट्रॅटेजीचा, म्हणजे कुठल्या पानांवर काय करायचं त्याचा, तक्ता पाठ कर, त्यात टंगळमंगळ नको. आठ-आठ आले की फोडून दोन वेगळे डाव करायचे म्हणजे करायचेच. तुझे सोळा आणि डीलरचं दहा असेल तर तक्ता म्हणतो पान घे. मोजणी शून्याच्या वर असेल तर पान न घेता गप्प बसायचं. तक्ता पक्का नसेल तर मोजणीचा काडीचा उपयोग नाही.

आता खरी गोम. इथल्या कसिनोंच्या गावात, अटलांटिक सिटीत, एका वेळी बहुधा सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसलेले असतात. तुझी मोजणी अधिक सहा आली, पण अजून तीन कॅट उरलेत, तर खरी मोजणी दोनच. हा भागाकार करायचा तर किती पानं उरली ते कळायला हवं, आणि ते कळतं वापरलेल्या पानांच्या ट्रेकडे बघून, नजरेच्या अंदाजानं. ॲप इथे ट्रेचं चित्र दाखवतं, ते मला काही पटत नाही. मी सरळ सहा कॅट विकत आणले. डायनिंग टेबलावर कधी अडीच, कधी चार कॅटची चळत रचतो, लांबून अंदाज बांधतो, मग मोजून बघतो. एका कॅटची जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या कॅटची चूक म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा फरक. बायकोनं आता जेवायला बसायच्या आत पत्ते उचलण्याचा नियम केलाय.

आणि एवढं सगळं करून मिळतं काय? तक्त्याप्रमाणे चोख खेळलास तरी कसिनो साधारण अर्ध्या टक्क्यानं पुढे असतो. खरी मोजणी एकानं वाढली की पारडं अंदाजे अर्ध्या टक्क्यानं तुझ्याकडे येतं. म्हणजे अधिक दोन असताना तू शंभर डॉलर लावलेस तर सरासरी हातात येतात पन्नास सेंट. पन्नास सेंट, लेका! बरेचसे डाव तर त्याच्याही खालचे, नुसते बसून काढायचे. शंभर तास बिनचूक मोजूनही माणूस तोट्यात असू शकतो, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं. ही चिकाटीची मजुरी आहे. तुझ्यासारख्या उतावळ्याला झेपेल असं मला वाटत नाही, राग मानू नकोस.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. नुसत्या डोक्यानं मोजणं हा इथे गुन्हा नाही. न्यू जर्सीत तर केन अस्टन नावाच्या पत्ते मोजणाऱ्याच्या खटल्यात 1982 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मोजतो म्हणून कसिनोनं कुणाला परस्पर बाहेर काढायचं नाही. कसिनोवाले मग मनात आलं की मध्येच पत्ते पिसतात, नाहीतर तुझ्या पैशाला वरची मर्यादा घालतात. आपल्या मोजणीवर पाणी. लास वेगासच्या नेवाडात सरळ हाकलतात. पण टेबलावर फोन काढायचा नाही, कुठेच नाही. नेवाडात यंत्राची मदत घेणं 1985 पासून गुन्हा आहे, आणि 2009 मध्ये आयफोनवर अंधाऱ्या स्क्रीननं चालणारं मोजणीचं ॲप आलं तेव्हा तिथल्या गेमिंग मंडळानं कसिनोंना सावध केलं होतं. ॲप घरात, गाडीत, संडासात, कुठेही वापर. खेळायला बसलास की खिशात.

पणजीला जाणारच असशील तर बसण्याआधी उभ्यानं बघ. पत्ते सतत पिसणाऱ्या यंत्रात परत जात असतील तर मोजण्यासारखं काही उरतच नाही, निघ. ब्लॅकजॅकला दीडपटऐवजी पाचाला सहा देत असतील तरी निघ, त्यानं कसिनोचा फायदा आणखी सव्वा ते दीड टक्क्यानं वाढतो. आणि हरलो तर दुखणार नाही एवढेच पैसे ने, एटीएम कार्ड हॉटेलवर ठेव.

डिसेंबरात कोल्हापूरला येतोय. तोवर तक्ता पाठ कर, आल्या आल्या परीक्षा घेणार आहे. काकूंना नमस्कार सांग, यातलं बाकी काही सांगू नकोस.

तुझा,
बंड्या