बापू, हर्णैला बिनघोर जा

अमळनेर,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय बापू,

काल तुझा फोन ठेवला आणि मला रात्री झोप लागली नाही. कोकणात हर्णैच्या शाळेत बदलीचा हुकूम हातात पडल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं वहिनी म्हणाल्या. 'तठे जाईसन मी काय करसू भो?' हे तुझं वाक्य अजून कानात आहे. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. बाहेर उन्हाने बोरी नदीचं पात्र पांढरं पडलंय. गल्लीतल्या निंबाला पोरींनी झोका बांधलाय आणि भर दुपारीसुद्धा त्यांची गाणी थांबलेली नाहीत. अशा दिवशी मला हर्णै फार आठवतं.

तू नाव ऐकूनच घाबरलास, तसाच मीही घाबरलो होतो. बँकेच्या तिथल्या शाखेत रुजू व्हायला गेलो, तेव्हा दापोलीहून एस.टी.त बसलो. पंधरा-सोळा किलोमीटरचा उतार, आणि एका वळणावर एकदम सगळं निळं दिसलं. पाण्यात मधोमध सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्गाचं दीपगृह आणि खाली रांगेने होड्या. माझ्या पोटात गोळा आला. आपण तापीकाठची माणसं. नदीला पूर येतो तेवढाच आपला पाण्याशी संबंध, एरवी आपण पाण्याची वाट बघतो. तिथे मात्र पाणी रोज येतं, आणि माणसं ते जाण्याची आणि येण्याची दोन्ही वाट बघतात.

हे समजायला मला सहा महिने लागले. पहिल्या महिन्यात मी एका नौकामालकाला कर्जाच्या कागदावर सही करायला सकाळी अकराला बोलावलं. तो आला नाही. दुसऱ्यांदा बोलावलं, तरी आला नाही. मी रागाने नोटीस काढली. ती घेऊन तो संध्याकाळी घरी आला, अंगाला मासळीचा वास, डोळे लाल. शांतपणे म्हणाला, "साहेब, त्या दोन्ही दिवशी उधाण होतं. अकराला माझी बोट किनाऱ्याला लागत होती." मला फार वाईट वाटलं. आपल्याकडे ऐन पेरणीत कुणी शेतकऱ्याला तालुक्याला बोलावलं तर आपण काय म्हणतो? मी नेमकं तेच केलं होतं.

त्या रात्री शेजारच्या चाचांकडे गेलो. आयुष्यभर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, आता नजर अधू झालेली. त्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती आणि दुपारी पुन्हा साधारण त्याच सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या सुमारास, आणि पाणी सगळ्यात वर चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी थोडंच चढतं-उतरतं, तो भांग. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण ठोकळ हिशोब चुकत नाही. दर दिवशी भरती पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तिथल्या माणसाचा दिवसही सरकत राहतो. कधी तो पहाटे तीनला निघतो, कधी सकाळी नऊला. तुझ्या शाळेची वेळ भिंतीवरच्या घड्याळात असेल, त्यांची चंद्रात असते. घरात पंचांग टांगून ठेव. आपली आजी एकादशीसाठी बघायची, तू भरतीसाठी बघ.

चाचांच्या तोंडून मी शिडाचे दिवसही ऐकले. आता बहुतेक होड्यांना इंजिन आहे. त्यांच्या तरुणपणी मात्र वाऱ्यावरच सगळं. रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई. त्यावर शीड उभारून बाहेर पडायचं. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्यावर घरी यायचं. वारा पडला तर वल्ही मारायची, नाहीतर तिथेच नांगर टाकून बसायचं. हे सांगताना चाचा मान वळवून एक गाल वाऱ्याकडे करायचे, दिसत नसूनही. मला आपले आजोबा आठवायचे. खळ्यावर तिपाईवर उभे राहून, ज्वारीची पाटी डोक्यावर धरून वाऱ्याची वाट बघणारे आजोबा. त्यांचाही गाल असाच वळलेला असायचा. ही आठवण झाल्यावर मला तिथे कधी परकं वाटलं नाही.

आता तुला जे बघायचं आहे ते सांगतो. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास बंदरावर जा. किनारा उथळ, होड्या आत लांबवर थांबतात. मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात जातात. होय बापू, बैल. पोळ्याला आपण ज्यांची शिंगं रंगवतो तसेच बैल पोटापर्यंत समुद्रात उभे असतात, लाट आली की मान वर करतात आणि गेली की पुन्हा खाली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तसाच वाळूत बसलो. गाडीत सुरमई, बांगडे, कोळंबीच्या पाट्या चढतात, चाकांतून पाणी गळत गाडी वर येते आणि वाळूवर लिलाव सुरू होतो. अर्ध्या तासात ढीगच्या ढीग संपतात, बर्फ फोडल्याचा आवाज येत राहतो, ट्रक भरतात. एकदा मी एका गाडीवाल्यामागे त्याच्या घरापर्यंत गेलो. त्याने आधी विहिरीचं पाणी काढून बैलांचे पाय, पोट, खूर धुतले. खाऱ्या पाण्याने कातडी फुटते म्हणाला. नंतर स्वतःचे पाय धुतले. एवढं बघितल्यावर त्या गावाबद्दल मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

तू मात्र जूनमध्ये पोहोचशील, तेव्हा हे काही दिसणार नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. बंदराला आडोसा नाही, म्हणून होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवतात. गाव गप्प वाटेल, माणसं ओट्यावर बसून जाळी सांधत असतील. तेव्हा कंटाळू नकोस. तेच दिवस ओळखी करून घ्यायचे. नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात पडला की गाव बदलतं.

पावसाबद्दल खोटं सांगणार नाही. आपल्याकडे वर्षात पडतो त्याहून जास्त तिथे एका महिन्यात पडतो. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. आणि ३ जून २०२० मी विसरू शकत नाही. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, पण दापोलीच्या किनाऱ्यालाही त्याने सोडलं नाही. सकाळपासून वारा वाढत गेला. दुपारी आमच्या छपराचे पत्रे उडाले, मी आणि घरची मंडळी चाचांच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत दाटीवाटीने बसलो. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर वाडी आडवी. शेजारच्या आजी पडलेल्या पोफळी हाताने मोजत फिरत होत्या. एक पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि आजींचं वय ऐंशीच्या घरात. त्या रडल्या नाहीत. पाऊस उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा रोपं आणायला माणूस पाठवला. कित्येक दिवस वीज नव्हती. चाचांच्या घरचा तांदूळ आणि आमच्या डब्यातली तूरडाळ एका चुलीवर शिजली. अशी माणसं आहेत बापू, म्हणून तुला हट्टाने जा म्हणतोय.

वहिनींची माळ आहे, त्यांना वासाची काळजी वाटणं साहजिक आहे. बंदरापासून थोडं लांब, मुरुड किंवा आंजर्ल्याकडे घर बघ. तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, शाकाहारी घरं भरपूर आहेत. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, घावन, सोलकढी त्यांना आवडेल. ज्वारी मिळणं अवघड, म्हणून कळण्याचं पीठ आणि आपला काळा मसाला बरोबर ने. बिबडे पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेव, नाहीतर दोन दिवसांत मऊ पडतील. भरीताची आपली वांगी तिथे मिळत नाहीत, तेवढं मन घट्ट कर. पोरांना आंजर्ल्याला वसंतात कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ती दाखव.

आणखी एक. तुझी नवी शाळा साने गुरुजींच्या तालुक्यात आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का? ते पालगडचे, दापोली तालुक्यातले. १९२४ साली ते आपल्या अमळनेरला शिक्षक म्हणून आले आणि १९३० पर्यंत इथल्या पोरांना त्यांनी आईसारखं सांभाळलं. त्यांनाही इथलं ऊन नवं होतं, इथली बोली नवी होती. ज्या शाळेच्या ओट्यावर आपण दोघं डबा खाल्ला, तिथेच ते शिकवत होते. आता इथला मास्तर तिकडे चाललाय. पालगडला एकदा नक्की जाऊन ये, माझ्याकडूनही नमस्कार कर.

चाचा अजून आहेत. त्यांच्यासाठी दोन किलो तूरडाळ मी बांधून ठेवली आहे, ती घेऊन जा. माझं नाव सांगितलंस की ते आधी तुला तिथी विचारतील. उत्तर येईपर्यंत पुढे बोलणार नाहीत, म्हणून पाऊणचा पाढा पाठ करून जा.

निघायची तारीख नक्की झाली की लगेच कळव. स्टेशनवर मी येतोच. पंचांग बघून त्या दिवशीची भरतीही सांगेन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नाना