बाळा, अपडाऊनचा विचार डोक्यातून काढ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. काल रात्री फोनवर तू एवढं भरभर बोललास की मला नीट उत्तर देताच आलं नाही, आणि तुला माहितीये मला फोनवर काही सुचत नाही, ठेवल्यावर सगळं आठवतं. म्हणून सकाळी बाबा पांडवलेणी चढायला गेले तशी बसले टाईप करत. लांब होईल, सावकाश वाच, आणि सूनबाईला पण वाचायला दे, लपवण्यासारखं काही नाहीये यात.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. बंगलोरची ऑफर आलीये, हातात महिन्याला १,४५,००० येतील, आत्ता पुण्यात १,१०,००० येतात. दुसरं म्हणजे आहे तीच नोकरी ठेवून वाकडलाच राहायचं. आणि तिसरं, जे तू सगळ्यात शेवटी जरा हळूच सांगितलंस, की कंपनी आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला बोलावते तर नाशिकला आपल्या घरी शिफ्ट व्हायचं आणि ते तीन दिवस पुण्याला जाऊन येऊन करायचं, म्हणजे भाडं वाचेल, छकुलीला आजी-आजोबा मिळतील, आम्हालाही सोबत होईल. तुझ्या आवाजावरूनच कळलं की मन तिसऱ्याकडे झुकलंय. तुला वाटलं असेल आई खूश होईल. झाले ना, खोटं कशाला बोलू, रात्री झोप येईपर्यंत वरच्या खोलीला पडदे कुठले लावायचे हेच डोक्यात होतं. पण सकाळी उठल्यावर ठरवलं, नाही म्हणायचं.

कारण अपडाऊन काय असतं ते मी केलंय. १९९८ ला प्रमोशन आलं आणि पोस्टिंग मुंबई. तू सहा वर्षांचा. तेव्हा आम्ही दोघांनी पण असाच हिशोब मांडला होता बघ, बाबांची सातपूरची नोकरी चालू राहील, इंदिरानगरचं घर राहील, तुझी शाळा तीच, आजीचे डॉक्टर तेच, मुंबईचं भाडं वाचेल आणि माझं प्रमोशनही जाणार नाही. कागदावर सगळंच जमत होतं, कुणाचंच काही जात नव्हतं. मग पंचवटीचा पास काढला. सातच्या आसपास नाशिकरोडहून गाडी, म्हणजे पाचला उठून डबे, सव्वासहाला घराबाहेर, साडेदहाच्या सुमारास सीएसटी, संध्याकाळी सव्वासहाला परत तीच गाडी, आणि घरात पाऊल ठेवेपर्यंत साडेदहा. पंचवटी १९७५ पासून चालतेय आणि कित्येक नाशिककरांचे संसार तिने ओढलेत, त्या गाडीबद्दल माझ्या मनात फक्त माया आहे. डब्यात मैत्रिणी मिळाल्या, मटार सोलले, हळदीकुंकू केलं, एकीच्या मुलीच्या लग्नाची याद्यांसकट सगळी तयारी इगतपुरी ते कसारा अशी रोज थोडी थोडी झाली. हे सगळं खरंच छान होतं.

पण मी नंतर एकदा, रिटायर झाल्यावर, हिशोब केला होता. प्रवासाचे रोजचे साडेआठ तास. वर्षाला २४० दिवस धरले तर जवळजवळ २,००० तास. सहा वर्षांचे १२,०००. चोवीस तासांचा एक दिवस धरला तर ५०० दिवस, रात्री सुद्धा त्यातच धरून. पाचशे दिवस मी कुठेच नव्हते रे, ना मुंबईत ना घरात.

तुला आठवतं का माहिती नाही. तिसरीत की चौथीत असताना एका रविवारी मी ओट्यापाशी भाजी चिरत होते आणि तू माझ्या समोरून चप्पल घालून शेजारच्या काकूंकडे गेलास आणि त्यांना विचारलंस, काकू मी खेळायला जाऊ का. मी घरात असताना. तुझी काही चूक नव्हती, सोमवार ते शनिवार परवानगी तिथूनच मिळायची त्यामुळे तुझे पाय आपोआप तिकडे गेले. काकू मला नंतर हसत हसत सांगायला आल्या आणि मी पण हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. हे मी बाबांना सुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

प्रमोशन घेतलं याचं मला दुःख नाही हं, ते घ्यायलाच हवं होतं, आज पेन्शन त्याचीच येते. दुःख याचं की तेव्हा कल्याणला दोन खोल्या भाड्याने घेऊन सगळ्यांनी दोन-चार वर्ष तिकडे राहायचं का हा विषय आम्ही पाच मिनिटं पण बोललो नाही, कारण घर असताना भाडं कशाला भरायचं. तेच वाक्य काल तू बोललास, शब्द न शब्द तेच.

आता तुझं. पंचवटीत निदान बसायला जागा असायची, डुलकी लागायची. नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाही, रेल्वेने जायचं तर कल्याणचा वळसा. म्हणजे रस्ताच, २१० किलोमीटर, सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, नारायणगाव, मंचर, आणि मग चाकणला कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळेला सापडलास तर बसून राहायचं. ठक्कर बाजारहून बस धरलीस तर ती वाकडेवाडीला सोडते, तिथून हिंजवडीला ऑफिसपर्यंत परत वेगळं. बाबा म्हणतात एका बाजूला पाच तास धर. मग तू एवढं रोज करणार नाहीस, दोन रात्री पुण्यात मित्राकडे नाहीतर पीजीत राहशील, म्हणजे वाचलेल्या भाड्यातलं अर्धं तिथे, उरलेलं डिझेल आणि टोलला, आणि छकुली मंगळवारी आजोबांना विचारेल मी खेळायला जाऊ का. कुणीतरी सांगेल की समृद्धी झाल्यापासून काय, नाशिक जवळ आलं. आलं ना, जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे शेवटचा टप्पा सुरू झाला, कसारा घाटाचं टेन्शन गेलं, पण ते मुंबईला जायला. तुझं ऑफिस पुण्यात आहे.

बंगलोरचं मी वहीत मांडलंय. पगार वाढतो ३५,०००. आत्ता भाडं २८,०००, तू व्हाईटफिल्डचा जो फ्लॅट पाठवलास तो ४६,०००, म्हणजे १८,००० तिथेच गेले. पाळणाघर आणि बाई मिळून पाचेक हजार जास्त. राहिले १२,०००. भाड्याचा फायदा टॅक्समध्ये मिळेल म्हणालास पण तू नव्या टॅक्स पद्धतीत आहेस ना, तिच्यात एचआरएची सूट मिळत नाही, नीट बघ. आता खरी गोष्ट. सूनबाईचा पगार ५२,००० आहे आणि तिची कंपनी चाकणला आहे, ती काही तुझ्या लॅपटॉपसारखी बॅगेत घालून नेता येत नाही. तिला तिकडे नोकरी लागायला सहा महिने लागले तर ३,१२,००० गेले. ते तुझ्या १२,००० मधून भरून निघायला २६ महिने. शिवाय पाच महिन्यांचं डिपॉझिट मागतायत म्हणजे २,३०,००० अडकून, आणि सामान न्यायचं वेगळं. आणि गाडी. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर आपल्या आरटीओची एनओसी घेऊन तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला रोड टॅक्स भरायचा आणि मग इथला उरलेला परत मागत बसायचं. हे कुणी आधी सांगत नाही. म्हणजे फोनवर तू ज्याला वाढ म्हणत होतास ती दोन सव्वादोन वर्ष तरी वाढ नाहीये.

पण पैशाचंच बघून नाही म्हणू नको, हेही सांगते. तुझ्या लायनीत तिकडे जे काम शिकायला मिळेल ते पुण्यात मिळणार नाही असं तू म्हणालास आणि ते म्हणताना तुझा आवाज बदलला होता, तो मी ओळखते. दुसरं म्हणजे एक नोकरी गेली तर दुसरी त्याच गावात, त्याच घरात राहून मिळते, ही फार मोठी गोष्ट आहे. हवा पण आपल्यासारखीच, गाव नऊशे मीटर उंचीवर आहे, नागपूर-जळगावसारखं भाजणार नाही. फक्त घर बघतानाच पाण्याचं विचार, सोसायटीत कावेरीचं पाणी येतं की टँकर. कावेरी तिथून शंभर किलोमीटर लांब आहे, उपसून आणतात, २०२४ च्या उन्हाळ्यात काय हाल झाले ते आपण टीव्हीवर बघितलंय. आणि घर मेट्रोला चालत जाता येईल असंच घे, व्हाईटफिल्डला आता पर्पल लाईन येते, चार हजार भाडं जास्त गेलं तरी चालेल. छकुलीला शाळेत कन्नड शिकावं लागेल, शिकू दे, चौथी भाषा झाली तिची.

तर माझं म्हणणं असं आहे की बंगलोर चालेल, पण आधी सूनबाईने तिथे अर्ज टाकायचे, तिच्या हातात ऑफर लेटर येऊ दे, मग तुझं हो. जॉईनिंगला दोन महिने आहेत, एचआरला आणखी एक मागून बघ, मागायला काय जातंय. तिचं नाही जमलं तर पुण्यातच राहा, वाईट काय आहे पुण्यात, फक्त ते वाकडचं घर सोडून तिला चाकणला जायला सोपं पडेल असं मोशी-भोसरीकडे बघा, कारण तिला पाच दिवस जायचंय आणि तुला तीन. हे तू मांडलेल्या तीन पर्यायांत नव्हतंच. प्रत्येक पर्याय तुझ्या ऑफिसपासून सुरू होत होता. रागावू नको, मी पण सून होते, मला दिसतं.

आणि नाशिक. यायचंच असेल तर पूर्ण या. गंमत म्हणजे नाशकात तुझ्यापेक्षा तिच्या कामाच्या जागा जास्त आहेत, सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, सगळीकडे गाड्यांचे पार्ट बनवणारेच आहेत. तुला मात्र पूर्ण घरून काम असणारी नोकरी हवी, लेखी, मॅनेजरने तोंडी सांगितलेलं नको, मॅनेजर बदलतात. आणि ती गेली तर इथे तशी दुसरी पटकन मिळत नाही, म्हणून निदान आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या. मग बघ, संध्याकाळी सहाला लॅपटॉप बंद केला की साडेसहाला तू सोमेश्वरला छकुलीला घेऊन. सिंहस्थाची कामं चालू आहेत, २०२७ पर्यंत रस्ते खोदलेलेच राहणार, तेवढं सोसायचं. तसं आलात तर मी पडदे उद्याच आणते.

आमच्यासाठी म्हणून येऊ नको. बाबांचं बीपी गोळीवर व्यवस्थित आहे, मी रोज चालते, कोपऱ्यावर डॉक्टर आहेत. बंगलोरला गेलात तर आम्ही मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस धरू, एक दिवस लागतो, डबा घेऊन निघायचं, आणि आलो की महिनाभर हलणार नाही.

आता एक काम कर. हो-नाही कळवायच्या आधी दोघं चार दिवस बंगलोरला जाऊन या, पण शनिवार-रविवार नको, सोमवार ते गुरुवार. जो फ्लॅट आवडलाय त्याच्या जवळच हॉटेल घ्या, सकाळी साडेआठला ऑफिसला निघा, संध्याकाळी सहाला परत या, भाजी आणा, तिथलं पाळणाघर बघा, रात्री दहाला अंगात काय उरतं ते बघा. छकुलीला रविवारी इथे सोडा, मी आणि बाबा आहोत. तिच्या त्या निळ्या सशाशिवाय झोपत नाही ना अजून, तो विसरू नका, मागच्या वेळेला रात्री एकपर्यंत जागी होती.

तुझी,
आई